जिद्दीला जामीन लागतो

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात जयंती नाला उलटा वाहू लागला आणि पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत शिरलं. माझा छापखाना तिथंच, व्हीनस कॉर्नरपासून चालत पाच मिनिटांवर, तळमजल्यावर. ऑफसेट मशीन, कटिंग मशीन, छापून बांधून ठेवलेली बिलबुकं आणि भिंतीला लावून रचलेली कागदाची रिमं. पाणी ओसरल्यावर शटर वर केलं तेव्हा रिमं फुगून एकमेकांत अशी रुतली होती की फावड्यानं तोडून काढावी लागली. भिजून कुजलेल्या कागदाला आंबलेल्या पिठासारखा वास येतो. तो वास भिंतीतून जायला दिवाळी उजाडली.

त्यानंतर काही दिवसांनी पूरग्रस्त व्यापाऱ्यांसाठी एका सभागृहात व्याख्यान ठेवलं होतं. बाहेरगावचे वक्ते होते. त्यांच्या हेतूबद्दल मला आजही शंका नाही. ते तळमळीनं बोलत होते. त्यांनी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि मनात म्हणायला लावलं, ‘पाणी माझ्या दुकानात आलं, मनात नाही.’ माझ्या शेजारी कुंभार गल्लीतले मामा बसले होते. मूर्ती करणारं घर, तीन पिढ्यांचं. गणपती २ सप्टेंबरला बसणार होते आणि त्यांच्या खालच्या दोन्ही फळ्यांवरच्या मूर्तींचा चिखल झाला होता. मामांनी डोळे उघडले, माझ्याकडं वळले आणि हळूच म्हणाले, “बारा दिवस राहिलेत गणपतीला. प्लास्टर कुठनं मिळंल, हे सांगणारं कोण हाय काय हितं?” आणि उठून गेले. मीही त्यांच्यामागं उठलो.

त्या प्रश्नावर मी गेली काही वर्षं विचार करतो आहे. संकटात सापडलेल्या माणसाला आपण सहज म्हणतो, ‘खंबीर राहा’, ‘पॉझिटिव्ह राहा’, ‘जिद्द सोडू नको’. असं म्हणणाऱ्यानं त्या माणसाच्या ओझ्यातलं काय उचलायचं असतं? माझं उत्तर असं आहे की काहीतरी उचललंच पाहिजे. जिद्द हे कर्जासारखं असतं. ते फेडायचं ज्याचं त्यानंच, पण ते मिळायला कुणीतरी जामीन राहावा लागतो. जामीन राहायची तयारी नसेल, तर जिद्दीचा उपदेश करण्याचा हक्क आपल्याला उरत नाही.

हे वाचून कुणी म्हणेल, मग माणसाच्या स्वतःच्या हिमतीला काहीच किंमत नाही का? आहे, आणि मोठी आहे. शटर वर केलं त्या सकाळी गुडघाभर गाळात मी एकटा उभा होतो. तिथं कुठली योजना नव्हती, कुठला साहेब नव्हता. फावडं हातात घ्यायचं की घरी जाऊन झोपायचं, हे मलाच ठरवायचं होतं. ‘सगळा दोष व्यवस्थेचा’ असं म्हणून माणसाच्या हातातलं फावडं काढून घेणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. संकटातल्या माणसाला नुसता बळी समजणं हा त्याचा अपमान आहे. पण त्या सकाळी मी फावडं का उचललं, याचं खरं कारण मला ठाऊक आहे. आदल्या रात्री कागदवाल्या शेठजींचा फोन आला होता. जुनी बाकी तशीच होती आणि तरीही ते म्हणाले, “माल पाठवतो. हिशेब दिवाळीनंतर बघू.” त्या एका वाक्यानं मला पुढचं काम दिसलं. मशीन साफ केलं, तर त्यावर चढवायला कागद असणार होता. आशा म्हणजे मला तरी एवढंच कळलं आहे : पुढचं काम दिसणं.

कोल्हापूरला जिद्दीचं फार कौतुक. तालमीतल्या पोरापासून रिक्षाच्या पाठीपर्यंत सगळीकडं ती लिहिलेली. आणि जिद्दीचं नाव घेतलं की आपल्याकडं पहिलं नाव येतं खाशाबा जाधवांचं. १९५२, हेलसिंकी, बँटमवेट फ्रीस्टाइलमधलं कांस्य. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतर असं दुसरं पदक यायला १९९६ उजाडलं, म्हणजे ४४ वर्षं. एवढं आपण भाषणात सांगतो आणि टाळ्या घेतो. पण त्या हकिकतीचा दुसरा अर्धा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मुलगा शिकायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला तो गेला तो कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला म्हणून. मातीत वाढलेला मल्ल, मॅटची सवय नसताना तिथं सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीला जायचं तर पुन्हा पैशांचा प्रश्न. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. परतल्यावर कराडला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. गहाण पडलेल्या त्या घराची मिरवणूक कुणी काढली नाही.

एका प्राचार्यानं विद्यार्थ्यासाठी घर गहाण ठेवणं म्हणजे काय, याचा थोडा विचार करावा. त्या घरात त्यांचं कुटुंब राहत होतं. पोरगा हरून आला असता, तरी कर्ज फेडावंच लागलं असतं. त्यांना खाशाबांना खोलीत बोलावून ‘जिद्द ठेव, मन मोठं कर’ असं सांगता आलं असतं. त्यात पैसे लागले नसते आणि कुणी नावंही ठेवली नसती. त्यांनी कागदावर सही केली. मी छापखानेवाला आहे, हजारो शुभेच्छापत्रं आणि अभिनंदनाचे फलक छापले आहेत. सहीचा कागद आणि शुभेच्छांचा कागद यांतला फरक मला हाताला कळतो.

दुसरी हकिकत भाऊसिंगजी रोडवरची. शंभरेक वर्षांपूर्वीची. गंगाराम कांबळे हा शाहू महाराजांच्या पागेतला नोकर. अस्पृश्य म्हणवल्या जाणाऱ्या जातीत जन्मलेला. वरच्या जातीच्या लोकांच्या पाण्याला शिवला म्हणून त्याला बेदम मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामला नोकरीतून मोकळं करून स्वतःचा धंदा काढायला मदत केली. त्यानं चहाचं दुकान थाटलं. दुकान स्वच्छ, चहा चांगला, माणूस मेहनती. पण गिऱ्हाईक येईना. त्याच्या हातचा चहा कुणी पिईना.

इथं थांबून विचार करावा. गंगारामनं अजून किती पॉझिटिव्ह व्हायचं होतं? रोज पहाटे उठून त्यानं स्वतःला ‘मी यशस्वी होणारच’ असं शंभरदा सांगितलं असतं, तरी एक कप चहा खपला नसता. अडचण त्याच्या मनात नव्हती, समोरून जाणाऱ्यांच्या मनात होती. शाहू महाराजांनी ते ओळखलं. आपली गाडी त्या दुकानासमोर थांबवून ते तिथला चहा घेऊ लागले आणि सोबतच्या बड्या मंडळींनाही प्यायला लावू लागले. संस्थानाचा धनी जिथं चहा पितो, तिथं नाक मुरडायला जागा उरली नाही. आपला मान, आपली पत त्यांनी एका चहावाल्याच्या मागं उभी केली. १९०२ चा पन्नास टक्के जागांचा हुकूम, १९०१ पासून जातीजातींच्या मुलांसाठी उभी राहिलेली बोर्डिंगं, १९१७ चा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय, हे सगळं त्याच प्रकारचं काम आहे. खेड्यातल्या गरीब मुलाला ‘शीक, मोठा हो’ एवढं सांगून ते थांबले नाहीत. तो कोल्हापुरात आला तर रात्री झोपणार कुठं आणि जेवणार काय, याची सोय त्यांनी आधी केली.

आता आजच्या काळातलं. नसीमा हुरजूक यांना ऐन सोळा-सतराव्या वर्षी कमरेखाली पक्षाघात झाला. चालती-फिरती मुलगी खिळून पडली. त्या काळोखातून त्या बाहेर आल्या, त्यात स्वतः व्हीलचेअरवर असलेल्या बाबूकाका दिवाण यांच्या भेटीचा मोठा वाटा होता, हे त्यांनीच सांगितलं आहे. ज्यानं तोच रस्ता कापला आहे असा माणूस समोर येऊन बसतो, तेव्हा त्याच्या ‘होईल’ या शब्दाला वजन असतं. पुढं नसीमादीदींनी केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली आणि १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था कोल्हापुरात उभी केली. तिथं दिव्यांग मुलांसाठी वसतिगृह आहे, शाळा आहे, कामाचं शिक्षण आहे. त्यांच्या जिद्दीचं कौतुक करणाऱ्या कार्यक्रमांना मी गेलो आहे. एकदा असा कार्यक्रम ज्या सभागृहात होता, तिथल्या व्यासपीठाला उतार नव्हता. व्हीलचेअरवरच्या एका सत्कारमूर्तीला चौघांनी खुर्चीसकट उचलून वर नेलं. टाळ्या झाल्या. माझ्या शेजारच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मात्र त्या खुर्चीच्या कठड्याला घट्ट धरलेले हात तेवढे दिसत होते.

दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. जुन्या सार्वजनिक इमारतीसुद्धा पाच वर्षांत सुगम करायच्या, असं त्यात म्हटलं आहे. तरी नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की सुगमतेचे नियम ऐच्छिक असू शकत नाहीत. एक उतार बांधायला किती विटा आणि किती सिमेंट लागतं, हे कुठलाही गवंडी सांगेल. तेवढं न करता आपण ज्याला ‘तुमची जिद्द पाहून आम्हाला प्रेरणा मिळते’ म्हणतो, त्याच्याकडून आपण फुकट काहीतरी घेत असतो.

या विषयावर शास्त्रीय कामही झालं आहे. हवाई बेटांपैकी कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक दशकं मागोवा घेतला. त्यातली जवळपास एक तृतीयांश मुलं गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचे आजार अशा अनेक संकटांत वाढत होती. या संकटातल्या मुलांपैकीही साधारण एक तृतीयांश मुलं पुढं चांगली, काम करणारी, माया लावणारी माणसं झाली. त्यांच्यात काही स्वभावगुण होतेच. पण एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली : अशा मुलाच्या आयुष्यात एक तरी मोठं माणूस असं होतं, जे त्याला धरून राहिलं. आजी, मावशी, एखादी शिक्षिका. मी तो निष्कर्ष वाचला तेव्हा मला खर्डेकर आठवले.

आता जरा अवघड गोष्ट. माझ्या वहिनींना कॅन्सर झाला होता. भेटायला येणारा प्रत्येक जण त्यांना सांगायचा, “पॉझिटिव्ह राहा, मग सगळं बरं होतं.” वहिनी मान हलवायच्या, हसायच्या. एका संध्याकाळी रंकाळ्यावर बसलो असताना त्या मला म्हणाल्या, “भावजी, मला भीती वाटते, पण हे कुणाला सांगायची चोरी झालीय. सांगितलं तर वाटतं, माझ्यामुळंच आजार वाढंल.” हे ओझं त्यांच्यावर आजारानं टाकलेलं नव्हतं. ते आम्ही टाकलं होतं. डोकं आणि मानेच्या कॅन्सरच्या हजाराहून अधिक रुग्णांचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णाची भावनिक स्थिती आणि तो किती काळ जगला यांचा संबंध आढळला नाही. मला यातून आधार मिळतो. मन प्रसन्न असावं, ते दिवस चांगले जावेत म्हणून. पण रुग्णाला रडू आलं म्हणून त्याची गाठ वाढत नाही, आणि हे त्याला कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. त्या संध्याकाळनंतर मी वहिनींना धीराचं काही सांगणं बंद केलं आणि केमोच्या दिवशी दवाखान्यात त्यांच्यासोबत बसू लागलो. बाहेर भडंग खायचो, बेळगावच्या त्यांच्या माहेरच्या गोष्टी ऐकायचो. त्या घाबरायच्या तेव्हा घाबरू द्यायचो. त्या गेल्या त्याला आता सहा वर्षं झाली. त्या शेवटपर्यंत खंबीर होत्या, असं लोक म्हणतात. त्या घाबरलेल्याही होत्या आणि तरीही पुढच्या तारखेला वेळेवर तयार होऊन बसायच्या. माझ्या दृष्टीनं खंबीर ते हेच.

पुराकडं परत येतो, कारण सार्वजनिक प्रश्न तिथंच आहे. २०१९ मध्ये पाणी गेलं आणि २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा आलं. दोन्ही वेळा कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर पातळी ५५ फुटांच्या आसपास पोचली. इशारा पातळी ३९ आणि धोका पातळी ४३, हे आकडे आता इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. जुनी माणसं शिवाजी पुलाकडं बघून ‘मच्छिंद्री झाली का’, म्हणजे पाणी पुलावरच्या खुणेपर्यंत आलं का, असं विचारतात; आमच्या मोबाइलवर राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याचा संदेश येतो. आणि प्रत्येक पुरानंतर एकच वाक्य सगळीकडं फिरतं : कोल्हापूरकर पुन्हा उभा राहिला. हे खरं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. तालमींची पोरं कमरेएवढ्या पाण्यात दूध पोचवत होती. व्हाइट आर्मी या स्वयंसेवी बचाव संस्थेचे जवान बोटीतून म्हाताऱ्या माणसांना काढत होते. वरच्या गावांतून भाकरीच्या बुट्ट्या येत होत्या. पण ‘पुन्हा उभा राहिला’ हे वाक्य तिसऱ्यांदा, चौथ्यांदा वापरायला लागलं की मला त्याची भीती वाटते. पुन्हा उभं राहायची सवय झालेल्या माणसाला पुन्हा पाडायला कुणाला काही वाटेनासं होतं. नदीकाठच्या पूररेषेत बांधकामाला परवानगी देताना, नाल्याचं पात्र अरुंद होऊ देताना, कुठंतरी मनात हाच हिशेब असतो : लोक आहेत घट्ट, निभावून नेतील.

मला स्वतःला विम्याच्या पैशांसाठी चौदा महिने चकरा माराव्या लागल्या. नुकसान बघायला आलेल्या माणसानं कागदाचा लगदा पाहिला, आणि नंतर पत्र आलं की कागद किती होता याचा पुरावा द्या. खरेदीची बिलं त्याच लगद्यात होती. तिथल्या खिडकीवरचा तरुण मुलगा प्रत्येक वेळी प्रेमानं म्हणायचा, “काका, धीर धरा.” त्याच्या हातात त्याहून जास्त काही नव्हतं, म्हणून त्याच्यावर माझा राग नाही. पण ज्यांच्या हातात होतं त्यांनी पहिल्या पंधरा दिवसांत थोडी रक्कम दिली असती, तर माझ्या बायंडिंगच्या दोन बायकांना काम सोडून एमआयडीसीत जावं लागलं नसतं. त्यांतल्या आक्का वीस वर्षं माझ्याकडं होत्या. त्यांची जिद्द माझ्यापेक्षा तसूभर कमी नव्हती. त्यांच्यामागं फक्त कागदवाले शेठ नव्हते.

म्हणून माझं म्हणणं असं की मदतीचा वेळ ही जिद्दीची पहिली अट आहे. सहा महिन्यांनी आलेले पन्नास हजार आणि सहा दिवसांत आलेले दहा हजार यांची तुलना करायची झाली, तर छोटा धंदेवाला डोळे मिटून दुसरे घेईल. पुरानंतर पहिल्या आठवड्यात बिनव्याजी हातउचल देणारी सोय आपल्या सहकारी बँका आणि पतसंस्था मनावर घेतील तर करू शकतात. या जिल्ह्यात सहकार इतका खोल रुजला आहे की त्यासाठी बाहेरून कुणी यायची गरज नाही. आणि राजाराम बंधाऱ्याची पातळी गल्लीच्या भाषेत सांगायला हवी. ४३ फूट म्हणजे माझ्या दारात किती? ४७ म्हणजे मामांच्या कितव्या फळीपर्यंत? विजेच्या खांबांवर रंगाच्या पट्ट्या मारायला फार खर्च येत नाही. भीती आकड्यानं कमी होत नाही, पण काय उचलायचं आणि किती वेळ हातात आहे हे कळलं की हातपाय चालू लागतात.

मामांचं काय झालं ते सांगायचं राहिलं. वरच्या फळीवरच्या मूर्ती वाचल्या होत्या. बाकीच्यांसाठी त्यांचे गडहिंग्लजकडचे नातेवाईक कच्च्या मूर्ती घेऊन टेम्पोनं आले, पैशांचं बोलणं न करता. ज्या मंडळांनी इसार दिला होता, त्यांतल्या एकाही मंडळानं तो परत मागितला नाही. उलट दोन तालमींची पोरं रात्रभर रंगकामाला बसली. मूर्ती लहान निघाल्या, पण वेळेवर निघाल्या.

आमच्या गल्लीत आम्ही तेव्हापासून एक वही ठेवली आहे. बंधाऱ्यावर पाणी किती फूट होतं तेव्हा कुणाच्या दारात किती होतं, तारीख आणि वेळेसकट. २०२१ मध्ये त्या वहीमुळं माझी रिमं आदल्या रात्रीच मामांच्या माळ्यावर गेली. यंदा जूनमध्ये गल्लीच्या तोंडाला एका नव्या मुलानं झेरॉक्सचं दुकान टाकलं. कर्ज काढून दोन मशीन घेतली आहेत. पहिला मोठा पाऊस झाला त्या दिवशी मी वहीच्या चार पानांची त्याच्याच मशीनवर प्रत काढली, त्याच्या हातात दिली आणि त्याला मामांकडं घेऊन गेलो. त्यानं माळा बघितला, जिन्याची रुंदी हातानं मोजली आणि भीत भीत विचारलं, “मामा, भाडं किती द्यायचं?”

मामा मूर्तीच्या साच्याला तेल लावत होते. मान वर न करता म्हणाले, “भाडं नको. मशीन चढवायला चौघं लागतील, तेवढी पोरं आत्ताच बघून ठेव.”